नदीखंड (लघुप्रतिमा युद्धखेळ)

सैनिकांच्या लघुप्रतिमा मेजावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत नदी दाखवण्यासाठी वापरले जाणारे सुटे, एकमेकांना जोडता येणारे आणि प्रत्येक खेळात निराळ्या क्रमाने मांडता येणारे भूप्रदेशाचे तुकडे. सरळ तुकडे, वळणे, संगम, उतार (नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा) व पूल मिळून एक संच होतो.

सुट्या तुकड्यांतून प्रदेश जुळवण्याच्या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेदाला वाव आहे. जर्मनीतील ब्रन्सविकच्या योहान ख्रिस्टियान लुडविग हेल्विग याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बुद्धिबळावर बेतलेल्या युद्धखेळात भूप्रकारानुसार घरांना रंग दिलेले होते. मात्र त्यातील नदी ही रंगीत घरांची रांगच होय. गेओर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्झ या प्रशियन गृहस्थाचा खेळ प्रथम वाळूच्या मेजावर खेळला जाई. राजापुढे वाळू मांडणे शोभणार नाही असे वाटल्यामुळे त्याने १८१२ मध्ये तिसऱ्या फ्रीड्रिख विल्हेल्मला एक लाकडी मेज अर्पण केले. त्यावर नद्या, रस्ते व गावे उठावात घडवून रंगवलेल्या चौकोनी फरशा हव्या तशा जुळवता येत. हे मेज पुढे बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग प्रासादात जतन करण्यात आले. नदीखंडाचे तत्त्व येथे प्रथम स्पष्ट दिसते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या सुधारित खेळात १:८००० प्रमाणाचे नकाशे आले आणि फरशा मागे पडल्या. त्यामुळे या फरशांपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छंदापर्यंत अखंड परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल.

संचाची उपयुक्तता तुकड्यांच्या टोकांवर अवलंबून असते. प्रत्येक टोकाला पात्राची रुंदी, काठांची उंची आणि मध्यरेषेचे स्थान सारखे असावे लागते व टोक मध्यरेषेशी काटकोनात कापलेले असावे लागते. अन्यथा तुकडे ठरावीक क्रमानेच जुळतात. वळणांची त्रिज्या मात्र अनेकदा अंदाजाने घेतली जाते आणि अडचण तेथूनच सुरू होते. सहा फूट लांबीच्या मेजावर १२ इंची सरळ तुकडे सहा बसतात. मध्यरेषेवर १२ इंच त्रिज्या असलेली ४५ अंशांची दोन विरुद्ध वळणे जोडली, तर नदी सुमारे १७ इंच पुढे व ७ इंच बाजूला सरकते. उरलेल्या ५५ इंचांत चार सरळ तुकडे बसून सुमारे ७ इंचांची फट राहते. त्रिज्या साडेआठ इंचांच्या आसपास घेतल्यास हीच जोडी बरोबर एका सरळ तुकड्याची जागा घेते आणि नदी सुमारे ५ इंच बाजूला जाते. भरतीचे लहान तुकडे करत बसण्यापेक्षा हा हिशेब आधी मांडणे श्रेयस्कर.

रुंदी ही तडजोडच असते. २८ मिमी उंचीच्या प्रतिमांचे प्रमाण सुमारे १:५६ धरले, तर ४ इंची पात्र म्हणजे जेमतेम पावणेसहा मीटरचा ओढा होय; २०० मीटर रुंदीची नदी त्याच प्रमाणात साडेतीन मीटरहून रुंद, म्हणजे मेजाच्या लांबीच्याही जवळजवळ दुप्पट होईल.

तळासाठी सामान्यतः ३ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) वापरतात. नदीखंड मेजावर ठेवला जात असल्याने पाणी जमिनीपेक्षा उंच दिसते. म्हणून तळ पातळ ठेवून काठाची बाहेरची बाजू घासून निमुळती करतात. एकाच बाजूला ओला गोंद व रंग लावला की ती बाजू वाळताना आकसते आणि कडा वर उचलल्या जातात. यासाठी पाठही रंगवावी. काठ थर्माकोलचे असल्यास द्रावकयुक्त फवारा रंगाने ते विरघळतात. पाण्यासाठी आकाशी निळ्यापेक्षा मध्ये गडद तपकिरी-हिरवा व काठाकडे फिकट होत जाणारा रंग, वर चकचकीत वॉर्निशचे थर, ही पद्धत पुरेशी आहे. इपॉक्सी रेझिनने खोली अधिक चांगली दिसते, परंतु टोकाला घातलेल्या बांधावर ते किंचित चढून कठीण होते आणि नेमका सांधाच बिघडतो.

लढाईच्या पुनर्मांडणीत नदीखंडांची कसोटी लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यात झालेली असईची लढाई केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात लढली गेली. तिच्यासाठी एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या दोन नद्या व त्यांचा संगम दाखवावा लागतो. समोरासमोरच्या तीरांवर दोन गावे दिसल्याने मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने पिंपळगावजवळ केळणा ओलांडली. तो उतार आरंभीच उघड मांडल्यास हा निर्णय खेळातून नाहीसा होतो. म्हणून उताराचा तुकडा सरळ तुकड्याच्याच मापाचा करून, शोध लागल्यावर त्या जागी बदलून ठेवणे इष्ट.