यूएसबी सिरियल पोर्टचे स्थिर नामकरण (लिनक्स)

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला यूएसबीमार्गे जोडलेले सिरियल (म्हणजे माहिती एकामागून एक बिट अशी पाठवणारे) उपकरण केव्हाही आणि कोणत्याही क्रमाने जोडले, तरी ते एकाच ठरलेल्या नावाने सापडावे यासाठी करावयाच्या व्यवस्थेस स्थिर नामकरण म्हणतात. जीपीएस, वजनकाटे, थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनोसारखे बोर्ड, जीएसएम मोडेम, वीजमीटर वाचण्यासाठी लागणारे आरएस-४८५ कन्व्हर्टर अशी कितीतरी उपकरणे आजही सिरियल पद्धतीनेच माहिती देतात-घेतात. संगणकांवरचे नऊ पिनांचे जुने पोर्ट जवळपास नाहीसे झाल्याने त्यांची जोडणी आता यूएसबीतून होते. जुना पोर्ट मदरबोर्डवर पक्का बसवलेला असे, म्हणून त्याचे टीटीवायएस० हे नाव वर्षानुवर्षे बदलत नसे. यूएसबीमुळे ही निश्चिंती गेली.

कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, या उपकरणांना दोन घराण्यांतली नावे देतो. एफटीडीआय, सीपी२१०२, सीएच३४० किंवा पीएल२३०३ यांसारखी चिप असलेल्यांना टीटीवाययूएसबी०, टीटीवाययूएसबी१ अशी नावे मिळतात, तर यूएसबीच्या सीडीसी-एसीएम या प्रमाणित वर्गात मोडणाऱ्यांना टीटीवायएसीएम० या मालिकेतली. शेवटचा अंक म्हणजे त्या क्षणी मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक, एवढाच त्याचा अर्थ आहे. संगणक सुरू होताना वजनकाटा आधी ओळखला गेला तर त्याला शून्य आणि जीपीएसला एक मिळतो; पुढच्या खेपेस हेच उलटे होऊ शकते. याहून फसवा प्रकार चालू यंत्रावर घडतो. एखाद्या प्रोग्रॅमने पोर्ट उघडून धरलेला असताना केबल क्षणभर निसटली, तर जुना क्रमांक अडकून राहतो आणि तेच उपकरण परत जोडले जाताना पुढचा क्रमांक घेते. प्रोग्रॅम मात्र जुन्या नावापाशीच वाट पाहत बसतो.

नावे कोणी द्यावीत, हा लिनक्समधला जुना वाद आहे. आरंभी /डेव्ह या डिरेक्टरीत शक्य त्या सर्व उपकरणांच्या नोंदी आधीच करून ठेवलेल्या असत. नंतर आलेली डेव्हएफएस ही प्रणाली कर्नलच्या आतूनच नावे देई. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये यूडेव्ह पुढे आणले, ते नामकरण हा धोरणाचा प्रश्न असून तो कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमने सोडवावा, या भूमिकेतून. डेव्हएफएस २००६ च्या २.६.१८ या आवृत्तीत कर्नलमधून काढली गेली आणि २०१२ मध्ये यूडेव्हचा स्रोत सिस्टिमडी या, संगणक सुरू करून त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या प्रकल्पात सामील झाला. आजची विभागणी मात्र तडजोडीची आहे: मूळ नोंद कर्नल स्वतःच तयार करतो, आणि यूडेव्ह तिच्याकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक जोडतो व परवानग्या ठरवतो. त्यामुळे टीटीवाययूएसबी० हे नाव पुसून दुसरे देता येत नाही. त्याला टोपणनाव तेवढे देता येते.

बऱ्याच वेळा अशी टोपणनावे आयती मिळतात. यूडेव्हसोबत येणारे नियम /डेव्ह/सिरियल खाली बाय-आयडी आणि बाय-पाथ अशा दोन डिरेक्टरी तयार करतात. पहिलीतील नाव उत्पादक, मॉडेल व अनुक्रमांक यांवरून बनते, दुसरीतील नाव उपकरण कोणत्या पोर्टात किंवा हबच्या कोणत्या तोंडात खोचले आहे त्यावरून. उपकरणे थोडी असतील तर स्वतःचा नियम लिहिण्याआधी ही नावे पाहावीत. अनेकदा तेवढ्यावर भागते.

सुटसुटीत नाव हवे असेल, तर /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी या डिरेक्टरीत नियमाची फाइल ठेवतात. वजनकाट्यात एफटीडीआयची चिप आहे असे धरू. नियमाच्या एका ओळीत प्रथम तुलना येतात: सबसिस्टम टीटीवाय, व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) ०४०३, प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) ६००१ आणि त्या विशिष्ट चिपचा अनुक्रमांक. त्यानंतर सिमलिंक या शब्दापुढे अधिक व बरोबर ही चिन्हे एकत्र लिहून ‘काटा’ हे नाव दिले, की उपकरण जोडताच /डेव्ह/काटा अवतरतो. तुलनेसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. सिमलिंकपुढचे अधिकचिन्ह गाळले, तर आधीच्या नियमांनी दिलेली बाय-आयडी व बाय-पाथ नावे पुसली जातात, आणि हे बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

नियमात लिहायची मूल्ये यूडेव्हएडीएम या यूडेव्हच्या साधनाच्या इन्फो या आज्ञेने मिळतात. ती आज्ञा पोर्टपासून सुरू करून हब व कंट्रोलरपर्यंत एकेका पूर्वज उपकरणाचे गुणधर्म छापते. नवख्यांची सर्वाधिक चूक इथेच होते. पूर्वजांचे गुणधर्म तपासणाऱ्या सर्व तुलना एकाच पूर्वजाला लागू पडल्या पाहिजेत, असा यूडेव्हचा दंडक आहे. एक गुणधर्म चिपचा आणि दुसरा वरच्या हबचा घेतला, तर वाचायला बिनचूक दिसणारा नियम कधीच जुळत नाही. एकाच चिपवर दोन किंवा चार पोर्ट असलेल्या कन्व्हर्टरमध्ये हा पेच हमखास येतो, कारण इंटरफेसचा क्रमांक एका पातळीवर आणि व्हेंडर आयडी त्याच्या वरच्या पातळीवर असतो. अशा वेळी यूडेव्हने आधीच काढून ठेवलेला आयडी_यूएसबी_इंटरफेस_नम हा चल वापरतात. तो सिरियल पोर्टांसाठी ६० क्रमांकाच्या फाइलपर्यंत भरला जातो आणि फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून आपल्या फाइलचे नाव ९९ ने सुरू करणे सोयीचे पडते.

खरी अडचण उपकरणाच्या स्वस्ताईतून उद्भवते. सीएच३४० चिपच्या बहुतेक बोर्डांना अनुक्रमांकच नसतो, तर सीपी२१०२ च्या अनेक स्वस्त मोड्यूलांवर सरसकट ०००१ हाच अनुक्रमांक असतो. अशी दोन उपकरणे शेजारीशेजारी लावली, की बाय-आयडीमधले एकच नाव दोघांत वाटले जाते आणि ते कोणाकडे बोट दाखवील याचा भरवसा उरत नाही. एफटीडीआयच्या ज्या चिपना ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी, पुन्हा लिहिता येणारी छोटी मेमरी) आहे त्यांत वेगळा अनुक्रमांक लिहिता येतो, आणि दहा-वीस उपकरणे सांभाळायची असतील तर तो खटाटोप करणेच शहाणपणाचे. एरवी जागेवरून नाव देण्यावाचून पर्याय नसतो. मग नाव उपकरणाचे न राहता पोर्टाचे होते. झाडलोट करताना कोणी दोन केबलींची अदलाबदल केली, तर वजनाच्या जागी अक्षांश-रेखांश येऊ लागतात. हबच्या तोंडांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या अशा ठिकाणी नियमाइतक्याच कामाच्या असतात.

नियम लिहिल्यावर यूडेव्हएडीएमला तो पुन्हा वाचायला सांगावे लागते, आणि ट्रिगर आज्ञा देऊन किंवा केबल काढून-घालून तो लागू करावा लागतो. पोर्ट उघडण्याची परवानगी डेबियन व उबंटूवर डायलआउट या गटाला, तर आर्च लिनक्सवर यूयूसीपी या गटाला असते. कित्येकजण नियमातच परवानगी ०६६६ करून सर्वांना दार मोकळे करतात, पण वापरकर्त्याला योग्य गटात घालणे बरे. नाव बरोबर असूनही पोर्ट व्यग्र दिसत असेल, तर मोडेममॅनेजर हा मोडेम हाताळणारा प्रोग्रॅम तो मोडेम आहे का हे चाचपत असण्याची शक्यता असते. त्या उपकरणासाठी आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर हा चल १ केला, की ही चाचपणी थांबते.

लिंकचा माग प्रोग्रॅम पोर्ट उघडतो त्या क्षणीच काढला जातो. केबल निसटून परत आली की /डेव्ह/काटा नव्या क्रमांकाकडे वळतो खरा, पण आधीच उघडलेला पोर्ट मेलेलाच राहतो. तो बंद करून पुन्हा उघडणे हे प्रोग्रॅमचे काम आहे. ते जमत नसेल तर सिस्टिमडीतील सेवा त्या उपकरणाशी बाइंड्सटू या शब्दाने बांधता येते, म्हणजे उपकरण गेल्यावर ती थांबते. यूडेव्हच्या नियमात सिस्टिमडी_वॉन्ट्स या चलात त्या सेवेचे नाव दिलेले असेल, तर उपकरण परत जोडल्यावर ती आपोआप सुरूही होते.