‘चौकशी सुरू आहे’ : एका नकारामागचा इतिहास

सिन्नर तालुक्यातले एक काका मध्यंतरी नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ भेटले. पिशवीतून त्यांनी रजिस्टर पोस्टाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. गावच्या पाणीपुरवठा योजनेच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत त्यांनी माहिती अधिकारात मागितली होती. कुठे किती पाइप टाकला, किती खोदाई झाली, याची ही नोंदवही. ठेकेदाराचं बिल तिच्यावरूनच निघतं. उत्तर दीड ओळीचं होतं : ‘सदर प्रकरणी चौकशी सुरू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’ खाली सही आणि गोल शिक्का. अपील कोणाकडे करायचं, ती जागा कोरी.

‘‘तक्रार मीच केली, तिच्यावरूनच चौकशी लागली,’’ काका म्हणाले, ‘‘आणि आता कागद मलाच मिळेना.’’

हे कलम कायद्यात कसं आलं, हे पाहिलं की त्या दीड ओळीत काय राहून गेलं ते कळतं.

सरकारी कागद गुप्त ठेवायचा ही सवय इंग्रजांच्या काळातली. १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. त्याला तडा द्यायला राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांनी सुरुवात केली. हजेरीपट आणि बिलं गावापुढे वाचून दाखवा, अशी त्यांची मागणी होती. १९९६ साली ब्यावरला त्यासाठी चाळीस दिवस धरणं चाललं. महाराष्ट्राने २००० साली एक कायदा केला, पण तो लेचापेचा निघाला. त्याच्या जागी २००२चा कायदा आला आणि तो प्रत्यक्ष हाती पडायला ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारेंना आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं. राळेगणसिद्धी आपल्याच महसूल विभागातलं गाव, त्यामुळे ही लढाई इथल्या लोकांना लांबची नव्हती.

केंद्रातही २००२ मध्ये माहिती स्वातंत्र्याचा एक कायदा संमत झाला होता. तो कधी अमलात आला नाही, पण त्यातले शब्द पाहण्यासारखे आहेत. गुन्ह्याच्या तपासावर ‘प्रतिकूल परिणाम’ होईल अशी माहिती नाकारता येईल, असा त्याचा आशय होता. प्रतिकूल परिणाम कशालाही म्हणता येतो. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झालेल्या माहिती अधिकार अधिनियमात ती सैल भाषा गेली. तपास, अटक किंवा खटला यांच्या प्रक्रियेत माहितीमुळे ‘अडथळा’ येत असेल, तरच नकार. माझ्या मते या कलमाचा सगळा जीव या एका शब्दात आहे.

अपवाद मुळातच नको, असं माझं म्हणणं नाही. साक्षीदार कोण, उद्या छापा कुठे पडणार, संशयिताने काय सांगितलं, हे फुटलं तर तपासाचं वाटोळं होईल. पण तीन वर्षांपूर्वी लिहून, तपासून, बिल अदा झालेली मोजमाप पुस्तिका दाखवल्याने नेमकं काय अडतं?

हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर २००७ मध्ये, भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्राप्तिकर खात्याशी संबंधित खटल्यात, न्या. रवींद्र भट यांनी स्पष्ट केलं की तपास सुरू असणं एवढंच कारण पुरत नाही; माहिती दिल्याने अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने पटेल अशा कारणांनी दाखवलं पाहिजे. २०११ मध्ये न्या. मुरलीधर यांनी बी. एस. माथुर प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं.

मराठीत आणखी एक घोळ आहे. कलम बोलतं ‘तपासा’बद्दल, कार्यालयाचं पत्र लिहितं ‘चौकशी’. खातेनिहाय चौकशीही या कलमात बसते असं काही निर्णयांत धरलं गेलं आहे, पण अडथळा दाखवण्याची अट तिथेही सुटलेली नाही. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तरही असंच सर्रास दिलं जातं. कायद्यात मात्र या कारणावरून न्यायालयाने स्पष्ट मनाई केलेली किंवा उघड केल्यास न्यायालयाचा अवमान होईल अशीच माहिती रोखता येते.

पोलिसांच्या कामातही पडदा थोडा बाजूला झाला आहे. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवावं लागतं.

नाशिककरांना हा विषय कोरडा वाटू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण गेले. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, गुन्हाही दाखल झाला. अशा वेळी घरच्यांना जे जाणून घ्यायचं असतं, म्हणजे टाकीचा ठेका, देखभालीच्या अटी, तपासणीच्या तारखा, ते बहुतेक सगळं दुर्घटनेच्या आधीच कागदावर आलेलं असतं. चौकशी नंतर लागली म्हणून आधीचा कागद आपोआप गुपित होत नाही.

काकांच्या पत्रात उणं काय, ते कायद्यातच सापडतं. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं बंधनकारक आहे. कलम १० प्रमाणे नाजूक भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे अपिलात अधिकाऱ्यानेच सिद्ध करायचं. अर्जदाराच्या डोक्यावर ते ओझं नाही.

तिथेच चहाच्या टपरीवर बसून आम्ही पहिल्या अपिलाचा अर्ज, म्हणजे जोडपत्र ‘ब’, भरला. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प काकांनी स्वतः चिकटवला. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच वाक्य लिहिलं : ‘पुस्तिका दाखवल्याने चौकशीत काय अडथळा येतो, ते कळवावे.’ इथे दाद लागली नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.