कॅव्हिटेशनचे दाबमापनाने निदान

पंपातून वाहणाऱ्या द्रवाचा दाब एखाद्या जागी त्याच्या बाष्पदाबाखाली गेला, की तेथे द्रव न तापवताही उकळतो. तयार झालेले बाष्पाचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या भागात जाताच आत कोसळतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडी पडल्यासारखा आवाज आणि इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवर पडणारी स्पंजासारखी खड्डेदार झीज ही त्याची परिचित लक्षणे होत. झीज दिसेपर्यंत मात्र बराच उशीर झालेला असतो. म्हणून दाब मोजून आधीच निदान करण्याला महत्त्व आहे.

संज्ञेचा उगम पंपांत नसून जहाजबांधणीत आहे. १८९३ च्या सुमारास ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेला चाचण्यांत अपेक्षित वेग मिळेना. थॉर्निक्रॉफ्ट व बार्नबी या अभियंत्यांनी त्याचे कारण जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर होणाऱ्या पोकळीत शोधले. शब्द आर. ई. फ्रूड यांनी सुचवला असे सामान्यतः मानतात. काही लेखक श्रेय गणितज्ञ ऑयलर यांच्याकडे, म्हणजे १७५४ च्या आसपास, नेतात. परंतु त्यांनी शक्यता वर्तवली होती, घटना पाहिली नव्हती, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. झीज रासायनिक की यांत्रिक हा वादही बराच काळ चालला. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळणाऱ्या गोल पोकळीतील दाबाचे गणित मांडले. पुढे असे दिसून आले, की धातूजवळचा बुडबुडा गोल न राहता एका बाजूने आत दबतो आणि त्यातून पाण्याची बारीक धार धातूवर आदळते. यांत्रिक आघात मुख्य आणि गंज त्याला हातभार लावणारा, असे आता बहुतेक मानतात.

निदानाची सर्वांत जुनी रीत डिलिव्हरी दाबावर, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडते त्या बाजूच्या दाबावर, बेतलेली आहे. प्रवाह स्थिर ठेवून सक्शनचा (पाणी आत येते त्या बाजूचा) दाब हळूहळू उतरवतात आणि पंपाचे हेड (पंपाने वाढवलेला दाब, पाण्याच्या स्तंभाच्या मीटरमध्ये) ३ टक्क्यांनी घटते तो बिंदू टिपतात. सक्शनला बाष्पदाबाच्या वर जितका दाब शिल्लक असतो, तो पाण्याच्या मीटरमध्ये मांडला की त्याला एनपीएसएच (नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड) म्हणतात; उत्पादकाच्या आलेखावरील ‘आवश्यक एनपीएसएच’ बहुधा हाच बिंदू असतो. म्हणजे त्या आकड्यावर पंप चालवला तर कॅव्हिटेशन टळत नाही, ते चांगलेच मुरलेले असते. पहिले बुडबुडे त्याच्या कितीतरी आधी, बहुतेकदा दुपटीहून जास्त एनपीएसएच असतानाच, दिसू लागतात. आलेखातील आकड्याला सुरक्षित मर्यादा समजणे ही या विषयातील सर्वांत महागडी चूक होय.

उपलब्ध एनपीएसएच, म्हणजे पंपाला प्रत्यक्षात मिळणारे, सक्शन गेजवरून (दाबमापकावरून) काढता येते, पण गेज वातावरणाच्या तुलनेत दाब दाखवतो. येथे मराठवाड्याची उंची हिशेबात घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मी. उंचावर आहे. तेथे वातावरणाचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे पाण्याच्या १०.३ मी. ऐवजी ९.७ मी. स्तंभाइतका असतो. समजा, पंपाच्या अक्षाच्या पातळीवरील सक्शन गेज उणे ०.६ बार दाखवतो, पाणी ३५° से. तापमानाचे आहे आणि नळीतला वेग सेकंदाला २ मी. आहे. निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब ०.३५ बार, त्यातून ०.०५६ बार बाष्पदाब वजा करून वेगशीर्ष (वेगामुळे मिळणारी उंची, येथे सुमारे ०.२ मी.) मिळवले की उपलब्ध एनपीएसएच सुमारे ३.२ मी. येते. समुद्रसपाटीचा दाब धरला तर ते ३.९ मी. भरते. ज्या पंपाला ३.५ मी. लागते, तो कागदावर उत्तीर्ण होतो आणि शेडमध्ये खडखडतो.

उन्हाळ्यात दोष पाण्याच्या तापण्याला देतात. २५° से. पासून ३५° से. पर्यंत पाणी तापल्याने एनपीएसएचचा जेमतेम पाव मीटर जातो; उपशाच्या जागची पाण्याची पातळी दोन मीटर उतरली तर थेट दोन मीटर जातात. नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. दुष्काळात त्यातून उपसा करण्याची वेळ येते, तेव्हा हाच हिशेब निर्णायक ठरतो.

‘पंप हवा घेतोय’ हे ऑपरेटरचे वाक्य दोन वेगळ्या दोषांना लागू होते. गाळणी तुंबली किंवा फूटव्हॉल्व्ह (सक्शन नळीच्या तळाची झडप) अडकला तर सक्शन गेजचा काटा अधिक निर्वाताकडे सरकतो. ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) वा जोडातून हवा शिरत असेल तर तो उलट शून्याकडे येतो. दोन्ही वेळा डिलिव्हरीचा काटा थरथरतो, म्हणून फक्त त्याच्याकडे पाहून उपाय करू नये.

सूक्ष्म निदानासाठी दाबविद्युत (पिझोइलेक्ट्रिक) संवेदक सक्शनच्या भिंतीत, आतल्या पृष्ठभागाशी समपातळीत बसवतात. ग्लिसरीन भरलेला साधा गेज सेकंदाला हजारो वेळा होणारी स्पंदने दाखवूच शकत नाही. संवेदक अर्धा मीटर लांब बारीक नळीवर बसवला तर नळीतल्या पाण्याचाच अनुनाद ७०० हर्ट्झच्या आसपास उमटतो आणि तो पंपाचा समजला जातो. मिनिटाला १,४८० फेऱ्यांच्या, सहा पात्यांच्या पंपात पात्यांची कंप्रता १४८ हर्ट्झ असते आणि तिचे शिखर निरोगी पंपातही दिसते. कॅव्हिटेशनची खूण म्हणजे त्याच्या बऱ्याच वर, काही किलोहर्ट्झपासून पुढे, पसरट वाढलेला गोंगाट. दाब आणखी उतरवला की हा गोंगाट कमाल गाठून पुन्हा कमी होतो, कारण बाष्पाचा दाट ढग कोसळण्याचे धक्के शोषून घेतो. त्यामुळे आवाज घटला म्हणजे पंप सुधारला, असे मानता येत नाही. त्याच वेळी हेड पाहिले तर ते पडू लागलेले आढळते. कमी प्रवाहावरील सक्शन-पुनराभिसरणही (इंपेलरच्या तोंडाशी पाणी उलट फिरणे) असाच गोंगाट करते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा उघडल्यावर गोंगाट कमी झाला तर पुनराभिसरणाचा आणि वाढला तर एनपीएसएच अपुरे असल्याचा संशय घ्यावा.

साखर कारखान्यांतील बाष्पीभवन-पात्रांचे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) उपसणारे पंप या चर्चेत वेगळे पडतात. पात्रातले पाणी स्वतःच्या बाष्पदाबावरच असते, त्यामुळे वातावरणाच्या दाबाचा त्याला आधार नाही. पंपाच्या अक्षावर पाणी जितके उंच उभे असेल, त्यातून नळीतील घर्षण वजा जाता उरते तेवढेच एनपीएसएच.