जुलाब सुजेचे की पित्ताम्लांचे?

क्रोन्स या आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या आजाराच्या रुग्णाला काही महिने बरं वाटतं आणि मग अचानक पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. घरचे म्हणतात, आजार उलटला. मग जुन्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड परस्पर सुरू होतं. ही घाई टाळायलाच हवी, कारण आतड्याला सूज नसतानाही असे जुलाब होतात.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. चरबी पचवण्याचं काम झालं की त्यांतली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जातात आणि यकृताकडे परत जातात. क्रोन्स बहुतेक वेळा धरतो तो नेमका हाच भाग. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलं तेही इथल्याच सुजेचं. हा भाग खराब झाला किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागला, की न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. पित्ताशय काढलेल्या काही जणांनाही हाच त्रास होतो. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी तो थांबत नाही.

शौचातून रक्त, ताप, घटणारं वजन दिसलं तर संशय सुजेवर जातो. पित्ताम्लांच्या जुलाबात रक्त नसतं. जेवल्यावर धावत जावं लागतं. पण नुसत्या लक्षणांवर विसंबू नका, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मोजणारी तपासणी इथे फार कामाची आहे: सुजेत ते सहसा वाढतं, नुसत्या पित्ताम्लांच्या त्रासात सहसा वाढत नाही. पित्ताम्लांसाठी ब्रिटनमध्ये सेहकॅट नावाचं स्कॅन करतात. जिथे ते मिळत नाही, तिथे डॉक्टर बरेचदा औषध देऊन फरक पडतो का ते पाहतात.

ते औषध म्हणजे कोलेस्टिरामाइनची पूड. ती पाण्यात कालवून घेतात आणि ती आतड्यातच पित्ताम्लांना बांधून ठेवते. ती इतर औषधांनाही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यायच्या. चव आणि बद्धकोष्ठता नको वाटणाऱ्यांना कोलेसेव्हेलामच्या गोळ्या काही वेळा सोसतात. सूज मात्र यांतल्या कशानेच उतरत नाही. तिच्यासाठी ब्युडेसोनाइड किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं, पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी अ‍ॅझाथायोप्रीन, इन्फ्लिक्सिमॅब, अ‍डॅलिम्युमॅब. आपल्याकडे याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे: आतड्याचा क्षयरोग. तो याच जागी होतो आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षयरोग असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो, आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी शरीरात दबून राहिलेला क्षयही जागा होऊ शकतो.

शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा कागद डॉक्टरांना दाखवा. लहान आतड्याचा शेवटचा भाग साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढला असेल, तर कोलेस्टिरामाइनने बहुधा आराम पडतो. त्याहून जास्त काढला असेल, तर शरीरातली पित्ताम्लंच अपुरी पडतात, चरबी पचत नाही आणि शौच तेलकट होतं. तेव्हा हीच पूड त्रास वाढवते. त्या रुग्णाला जेवणातलं तेल-तूप कमी करावं लागतं.