फोकस डोळ्यांऐवजी नथीवर का बसतो? फोकस जुळवणाऱ्या एका सेटिंगची पार्श्वभूमी

लग्नसराईत मुंबईतल्या फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्तीला येतात तेव्हा ठरलेली तक्रार असते: फोकस डोळ्यांवर धरला होता, बसला नथीवर. ५० मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड) एफ १.८ म्हणजे बरंच उघडं, नवरी मीटरभर अंतरावर आणि बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची असेल, तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर भागच शार्प येतो. एवढ्यात थोडी चूकही खपत नाही.

चुकीचं मूळ जुनं आहे. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात (एसएलआर, डीएसएलआर) फोकस मोजणारा सेन्सर तळाशी, फोटो टिपणारा मागे. दोन्हींपर्यंतचं प्रकाशाचं अंतर तंतोतंत सारखं हवं; केसभर फरक पडला की फोकस पुढे किंवा मागे सरकतो. १९८५ साली ऑटोफोकस एसएलआर बाजारात रुजले तेही याच रचनेवर. फिल्मच्या काळात पोस्टकार्ड प्रिंटवर हा दोष लपून जाई. डिजिटल आल्यावर जो तो स्क्रीनवर १०० टक्के झूम करून पाहू लागला आणि तक्रारी वाढल्या.

२००७ पासून महागड्या बॉडींच्या मेन्यूत मायक्रो-अ‍ॅडजस्टमेंट आली: लेन्सगणिक फोकस किंचित पुढे-मागे करण्याची सोय. एका बड्या जपानी कंपनीने २००८ मध्ये ती मधल्या किमतीच्या बॉडीत दिली, २०१० च्या पुढच्या मॉडेलमधून काढून घेतली आणि २०१३ मध्ये परत दिली. काढण्याच्या बाजूनेही मुद्दे होते. ट्यूबलाइटखाली, कॅमेरा हातात धरून चाचणी घेतली की आकडा हमखास चुकतो. शिवाय झूम लेन्सला एकच आकडा लावला, तर वाइडला (रुंद दृश्य घेताना) जुळलेला फोकस टेलीला (दूरचं जवळ आणताना) बिघडू शकतो. पण म्हणून सोयच काढायची? त्या मॉडेलवाल्यांना बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला जमा करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मे महिन्यात ओळीने मुहूर्त घेतलेल्या फोटोग्राफरने कॅमेरा ठेवून यायचा कसा? ज्यांचं पोट कॅमेऱ्यावर, त्यांच्यावर हा सरळ अन्याय होता.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोटो टिपणाराच सेन्सर फोकसही मोजतो, त्यामुळे हा घोळ जवळपास मिटला. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला लागणारी बुरशी, एसी हॉलमधून बाहेर पडताच काचेवर धरणारं बाष्प आणि लेन्स आणि बॉडी जोडणारे मळलेले धातूचे कॉन्टॅक्ट मात्र तिथेही त्रास देतातच.

आरशाच्या बॉडी सेकंडहँडमध्ये अजून चालतात. घेताना मेन्यूत ही सोय आहे का, ते आधी बघावं. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तिरक्या धरलेल्या मोजपट्टीच्या एकाच आकड्यावर फोकस करावा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून; तिथे फोकस फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच मोजला जातो. लाइव्ह व्ह्यूचा फोटो नेमका आणि व्ह्यूफाइंडरचा दरवेळी एकाच बाजूला सरकलेला आला, तर दोष याच जुन्या रचनेतला.