डब्यावर वीट ठेवली तरी

वन्यप्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जंगल येतं, पण कितीतरी प्राणी आपल्या अगदी शेजारी राहतात आणि आपल्याला पत्ताच नसतो, कारण त्यांनी शिफ्ट बदललीय. २०१८ मधे 'सायन्स'मधे एक पेपर आला होता, सहा खंडांवरचे ७६ अभ्यास एकत्र करून सस्तन प्राण्यांच्या ६२ जाती तपासल्या होत्या, तर जिथे माणसाची वर्दळ जास्त तिथे त्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट. म्हणजे जो प्राणी निम्मा वेळ दिवसा निम्मा रात्री फिरायचा, तो आता ६८ टक्के रात्री फिरतो. आणि माणूस बंदूक घेऊन आलाय की नुसता ट्रेकला, ह्याने फारसा फरक पडत नाही! त्यांच्या लेखी दोघं सारखेच.

पक्ष्यांना मात्र ट्रॅफिकशी भांडावं लागतं. गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली, त्यात खालचे सूर बुडून जातात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाचे पक्षी गोंगाटाच्या भागात वरच्या पट्टीत गातात हे २००३ मधेच दिसलं होतं. मग २०२० च्या लॉकडाउनमधे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांनी उलटं करून दाखवलं, रस्ते शांत झाल्यावर त्या हळू आवाजात आणि खालच्या सुरात गायला लागल्या, तरी गाणं आधीपेक्षा लांब जात होतं. म्हणजे एरवी बिचाऱ्या ओरडतच होत्या की.

मेक्सिको सिटीतले काही पक्षी तर घरट्यात सिगारेटची थोटकं आणून घालतात. कचरा वाटतो, पण फिल्टरमधलं निकोटिन गोचीड-पिसवांना नको असतं आणि जास्त थोटकं असलेल्या घरट्यात असे परजीवी कमी सापडले. (पिल्लांना त्याचा त्रासही होतो म्हणे, त्यामुळे लगेच कौतुक नको.)

माझा सगळ्यात आवडता किस्सा सिडनीतल्या काकाकुवांचा. पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे. हा पठ्ठ्या कचऱ्याच्या डब्याच्या काठावर बसतो, चोचीने झाकण थोडं उचलतो, ते तसंच धरून काठावरून एकेक पाऊल टाकत बिजागरीकडे सरकतो, आणि झाकण धाडकन मागे. २०१८ च्या आधी ही करामत फक्त तीन उपनगरांतून कळली होती, २०१९ संपेपर्यंत ४४. आपोआप सगळ्यांना सुचली असंही नाही, आधी लगतच्या भागात गेली मग त्याच्या पुढच्या, म्हणजे एकाचं बघून दुसरा शिकला, आणि लांबच्या भागांत तर उघडायची पद्धतही जरा वेगळी झाली.

आता डब्याला कुलूप लावावं तर पंचाईत, गाडीने डबा उलटा केला की झाकण आपोआप उघडलं पाहिजे. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या. काकाकुवांनी त्या ढकलून पाडल्या. मग कोणी बाटल्या बांधल्या, कोणी बिजागरीपाशी जुना बूट खुपसला म्हणजे झाकण पूर्ण मागे जायलाच नको. शास्त्रज्ञांनी मग पक्षी सोडून माणसांना प्रश्न विचारले, ही युक्ती सुचली कुठून, तर बहुतेकांनी ती शेजाऱ्याच्या डब्याकडे बघूनच उचलली होती.