वृद्धाश्रमांतील आभासी वास्तव

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हेडसेट लावून त्याला एखाद्या ठिकाणाचा सभोवार दिसणारा अनुभव देणे आणि त्यातून मन रमवणे, बोलते करणे, थोडे अंग हलते ठेवणे, असा हा उपक्रम आहे. ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘व्हीआर’ म्हणतात. मराठी लेखनात ‘आभासी वास्तव’ हा शब्द रुळला आहे. आजी-आजोबांच्या तोंडी मात्र तो ‘गॉगल’च असतो, आणि व्यवहारात तोच शब्द सोयीचा पडतो.

ठाणे-नवी मुंबई परिसरात या उपक्रमाची गरज जागेच्या अडचणीतून समजते. घोडबंदर रस्ता, वाशी, नेरुळ, बेलापूर या भागांत शुश्रूषा केंद्राच्या वाट्याला पुष्कळदा इमारतीचा एखादा मजला किंवा एखादे रो-हाउस येते. झाडे-अंगण हवे असेल तर बदलापूर, पनवेल, कर्जतच्या बाजूला सरकावे लागते; पनवेलजवळ नेरे येथील शांतिवन आणि नेरळ येथील डिग्निटी फाउंडेशनची वसाहत ही त्या बाजूची परिचित ठिकाणे. शहरात राहिलेल्या माणसाला ठाण्याची तलावपाळी हाकेच्या अंतरावर असते आणि तरी वर्षानुवर्षे दिसत नाही. चाकाची खुर्ची, लिफ्ट, गाडीत बसवायला दोन माणसे, वाटेत स्वच्छतागृह आणि मुलाची फोनवरून परवानगी एवढे जुळून आले तरच तिथल्या मासुंदा तलावाच्या काठावर पोचता येते. ही सगळी यातायात टाळून दहा मिनिटे बाहेर नेऊन आणणे, हे या साधनाचे खरे काम.

डाव्या-उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून जवळ-दूरचा, म्हणजे खोलीचा, भास तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये मांडले. लहानपणी जत्रेत किंवा श्रीमंत मावसभावाकडे व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावलेल्या पिढीला हे तत्त्व वेगळे समजावावे लागत नाही. आयव्हन सदरलंड यांनी 1968 मध्ये डोक्यावर बसवण्याचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. 2014 मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा स्वस्त डबा आणला. मोबाइल त्यात सरकवला की काम भागे. 2019 मध्ये आलेल्या ऑक्युलस क्वेस्टला वेगळा संगणक किंवा वायर लागत नव्हती, आणि असे हेडसेट कॉटशेजारी नेणे सोपे झाले. अमेरिकेत रेंडेव्हर आणि माइंड इमर्सिव्ह (पूर्वीची माइंडव्हीआर) या कंपन्या ज्येष्ठांसाठी ही सेवा देतात.

वृद्धाश्रमात वापरले जाणारे बहुतेक चित्रण 360 अंशांचे असते. मान फिरवली की दृश्य फिरते, पण उठून पुढे जाता येत नाही. खेळांमध्ये शरीर पुढे-मागे सरकवता येते. तोल गेलेल्या वयात ती सोय धोक्याचीच जास्त. घेरी येण्याचे कारणही इथेच आहे. डोळे सांगतात आपण निघालो, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलो आहोत, आणि या भांडणात पोट ढवळते. त्यामुळे होडीतून, गाडीतून, ड्रोनवरून घेतलेली चित्रणे कितीही देखणी असली तरी पहिल्या दिवशी दाखवू नयेत. तिवईवर स्थिर उभ्या कॅमेऱ्याने घेतलेला समुद्र पुरतो.

अमेरिकेतील 17 ज्येष्ठ वसाहतींमध्ये 65 ते 103 वयाच्या 245 जणांबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक अभ्यास केला. अनुभवानंतर सुमारे 80 टक्के जणांनी मन अधिक प्रसन्न झाल्याचे सांगितले. एकटेपणा कमी वाटला असे म्हणणारे 60 टक्क्यांच्या थोडे आत होते. नजर आणि कान मंदावलेल्या अतिवृद्धांना मजा कमी आली. ऑस्ट्रेलियात वेंडी मॉइल आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या 10 जणांना हेडसेटऐवजी मोठ्या पडद्यावर आभासी जंगल दाखवले. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आनंद आणि सजगता वाढलेली दिसली, पण भीती आणि अस्वस्थताही वाढलेली आढळली. दहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, तरी ही दुसरी बाजू जाहिरातीत कधी येत नाही म्हणून इथे नोंदवणे भाग आहे. सुखद क्षण मोजणे सोपे आहे. तो परिणाम आठवडाभर टिकतो का, हे मोजणे अवघड.

प्रत्यक्ष बैठक अशी होते. वेळ सकाळी अकराची किंवा दुपारच्या चहानंतरची. जेवणावर लगेच नाही, आणि दिवेलागणीला तर नाहीच, कारण डिमेन्शियाच्या रुग्णांची घालमेल त्या वेळी वाढते. खुर्ची हातांची, न फिरणारी. आधी हेडसेट नुसता हातात द्यावा, उलटापालटा करू द्यावा. मग डोळ्यांना लावून बाहेरच्या कॅमेऱ्यातून हीच खोली दाखवावी, म्हणजे मावशी समोर आहेत आणि दार तिथेच आहे याची खात्री पटते. त्यानंतरच चित्रण सुरू करावे. पाच मिनिटे पुष्कळ झाली, दहाच्या पुढे जाऊ नये. शेजारच्या व्यक्तीने आपल्या मोबाइलवर तेच दृश्य पाहत राहायचे असते. नाहीतर आजोबा ‘तो बघा’ म्हणतात आणि कोण ते कुणालाच कळत नाही.

लहानसहान अडचणींकडे कंपनीच्या माहितीपुस्तिकेचे लक्ष नसते. अंबाडा असेल तर मागचा पट्टा नेमका त्यावर बसतो आणि हेडसेट नाकावर घसरतो. तेल लावलेल्या केसांचे डाग पट्ट्यावर आणि कुंकवाचा ठसा कपाळाच्या स्पंजवर उमटतो, तो पुढच्या आजीच्या कपाळाला लागतो. म्हणून कागदी किंवा धुता येणारे आवरण दर वेळी बदलावे लागते. श्रवणयंत्रावर पट्टा दाबला गेला की शिट्टी वाजते. पावसाळ्यात, पंखा बंद असताना, भिंगांवर वाफ धरते. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, सॅनिटायझरने नव्हे. हेडसेट खिडकीत ठेवू नये, कारण भिंगातून आत गेलेले ऊन पडदा जाळते. अर्धा किलोच्या आसपास वजन मानेला सुरुवातीला जाणवत नाही, पाच मिनिटांनी जाणवते.

फिट येणाऱ्या, चक्करेचा जुना त्रास असलेल्या किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. पेसमेकर असल्यासही विचारून घ्यावे. भास होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर मोह टाळलेलाच बरा.

खरी उणीव चित्रणांची आहे. तयार मिळणाऱ्या संग्रहात आयफेल टॉवर, देवमासे, आफ्रिकेतले हत्ती असतात आणि निवेदन इंग्रजीत. पाहणारा ‘छान आहे हो’ म्हणतो आणि विषय संपतो. देवळाचे चित्रण लागले की एखादी आजी आधी चपला काढायला वाकते. ओहोटीच्या किनाऱ्यावर लाट आली की पाय वर घेतले जातात, आणि मग कोकणातले घर, पावसाळ्याच्या तोंडावरची आगोट, भावाची होडी असे एकेक निघत जाते. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्ये वार्धक्यातल्या मागे वळून पाहण्याला आजार न मानता स्वाभाविक गरज म्हटले. जुन्या आठवणी जागवणाऱ्या स्मरणरंजन उपचाराचा पाया तोच. हेडसेट हे त्यातले निमित्त. बोलणे सुरू होते ते तो काढल्यावर, आणि त्या पुढच्या अर्ध्या तासाला ऐकणारा माणूस लागतो. तो नसेल तर दहा मिनिटांचे चित्रण माणसाला गावी नेऊन पुन्हा एकटे कॉटवर आणून सोडते. रडू येणेही शक्य असते. ते अपयश मानू नये, पण त्याची तयारी असावी.

स्थानिक चित्रण घरच्या घरीही करता येते. 360 अंशांचा छोटा कॅमेरा भाड्याने मिळतो. तो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर लावावा. उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतले तर खुर्चीत बसलेल्याला आपण अधांतरी असल्यासारखे वाटते. कॅमेरा चहूकडचे टिपतो, तेव्हा लावणाऱ्याला झाडाआड किंवा खांबामागे लपावे लागते. कोपिनेश्वराचे आवार, येऊरची वाट, ठाणे खाडीतले रोहित पक्षी, गडकरी रंगायतनसमोरची सकाळ, वाशीचा भाजीबाजार यांतले काहीही चालेल. देवळात आधी परवानगी घ्यावी एवढेच. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचे चित्रण फारसे उपयोगाचे नाही, वास येत नाही म्हणून पाहणारा चिडतो.

संमतीचा प्रश्न इथे हलक्याने घेतला जातो. मुलाने अर्जावर सही केली म्हणजे आईने होकार दिला असे होत नाही. मदतनिसाचा हात हेडसेटकडे गेला की ‘नको’ म्हणून मान फिरवणे हेही उत्तरच आहे. हेडसेट लावलेल्या वृद्धांचे, तोंड उघडे पडलेले फोटो देणगीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातात, आणि ज्याचा फोटो आहे त्याला आपण कसे दिसतो ते ठाऊकही नसते. देणगीत आलेल्या यंत्राची पुढची गतही ठरलेली: उद्घाटन होते, चालवायला शिकलेली मुलगी नोकरी सोडून जाते, कंपनीच्या खात्याचा पासवर्ड तिच्या मोबाइलमध्ये राहतो आणि यंत्र ऑफिसच्या कपाटात रक्तदाबाच्या जुन्या यंत्राशेजारी विसावते. जिथे उपक्रम टिकतो तिथे सहसा एक साधी वही सापडते. त्यात तारीख, खोली क्रमांक, काय दाखवले, किती मिनिटे आणि ‘काय बोलल्या’ असा रकाना असतो. रविवारी भेटायला आलेल्या नातवाच्या हाती ती वही दिली, की आजीला विचारायला त्याच्याकडे काहीतरी असते.